छत लांब, काच भरपूर: १९५७ च्या फोर्ड वॅगनचं १:२५ मॉडेल

कूपे किंवा सेडानच्या मॉडेलमध्ये छत बसलं की आतलं निम्मं काम झाकून जातं. स्टेशन वॅगनमध्ये तशी सूट नाही. छताची आतली बाजू, मागच्या सीटची पाठ, सामानाची फळी, टेलगेटची (मागच्या दाराची) आतली बाजू, सगळं काचेतून दिसतं. आणि किट बनवणाऱ्यांनी नेमका तिथेच हात आखडता घेतलेला असतो. म्हणून वॅगन बांधायला घेताना वेळेची वाटणी बदलायची. इंजिनाला कमी वेळ, मधल्या खांबाच्या मागच्या भागाला जास्त.

हा लेख १९५७ च्या फोर्ड डेल रिओ रँच वॅगनभोवती आहे. मॉडेलची किट बनवणाऱ्या रेव्हेल कंपनीने तिचं १:२५ प्रमाणातलं किट काढलेलं आहे. दोन दरवाज्यांची ही वॅगन म्हणजे साध्या रँच वॅगनची जरा सजवलेली बहीण. त्याच वर्षी फोर्डच्या यादीत चार दरवाज्यांची कंट्री सेडान आणि लाकडी दिसणारी कंट्री स्क्वायर याही वॅगन होत्या, आणि रँच वॅगनच्याच अंगावरून पहिली रँचेरो निघाली. इथे दिलेल्या पायऱ्या रेव्हेलच्या १९६६ शेव्हेल वॅगनला, एएमटी या दुसऱ्या किट कंपनीच्या १९५५ नोमॅडला किंवा १९६३ शेव्ही (शेव्हरोले) टूच्या वॅगनलाही लागू पडतात. लाकडी अंगाच्या गाड्यांचं वेगळं प्रकरण पुढे आहे.

आधी गाडी ठरवा, मग किट उघडा

या गाड्यांची मॉडेलं बहुतेक वेळा कुणाच्या तरी आठवणीसाठी बांधली जातात. आजोबांची वॅगन, शेजाऱ्यांची वॅगन, शाळेला सोडणारी वॅगन. अशा वेळी ‘साधारण पन्नासच्या दशकातली फोर्ड’ चालत नाही, कारण डेट्रॉइटच्या कंपन्या दरवर्षी पत्रा, जाळी आणि क्रोमच्या पट्ट्या बदलत. ज्याने ती गाडी रोज पाहिली आहे त्याला चुकीच्या वर्षाचा दिवा लगेच खटकतो.

जुन्या फोटोवरून वर्ष ओळखायला तीन जागा पुरतात: पुढचे दिवे, मागचे दिवे, बाजूची क्रोमची पट्टी. १९५७ च्या फोर्डला पुढे दोनच दिवे आणि मागे मोठे गोल दिवे आहेत. १९५८ ला पुढे चार झाले. आणखी एक खूण बॉनेटची. १९५७ च्या फोर्डचं बॉनेट पुढच्या बाजूला बिजागरीवर आहे, म्हणजे ते विंडशील्डच्या बाजूने वर उचललं जातं. मॉडेलमध्ये बॉनेट उघडं दाखवायचं तर हे लक्षात ठेवा, नाहीतर जाणकार माणूस तिथेच थांबतो.

लाकडाचा प्रश्नही वर्षावरच ठरतो. १९४६ ची विलीज जीप स्टेशन वॅगन ही ब्रुक्स स्टीव्हन्स यांची रचना पूर्ण पोलादी होती, १९४९ ची प्लिमथ सबर्बनही पोलादी. फोर्डची कंट्री स्क्वायर १९५२ पासून पोलादी बॉडीवर लाकडाच्या छापाची फिल्म घेऊन आली आणि १९९१ पर्यंत ती छाप टिकली. म्हणजे १९४८ च्या फोर्ड वूडीवर (लाकडी बॉडीच्या वॅगनवर) खरं लाकूड दाखवायचं आणि १९६५ च्या स्क्वायरवर लाकडाचं चित्र. दोन्हींची रंगकामाची पद्धत वेगळी.

फोटोतल्या रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कोडाक्रोम (कोडॅकची रंगीत फिल्म) स्लाइड अंधारात ठेवली असेल तर तिचे रंग बरेच टिकतात. पण त्या काळातल्या साध्या रंगीत प्रिंटमधला निळा-हिरवा थर आधी उडतो, त्यामुळे आकाशी गाडी करडी किंवा गुलाबट दिसायला लागते. फोटोत शेजारी एखादी ज्ञात रंगाची वस्तू, पांढरा शर्ट किंवा गवत, असेल तर तिच्याशी ताडून पाहा. मग त्या वर्षाच्या रंगपत्रिकेतलं सर्वांत जवळचं नाव शोधा. १९५७ च्या फोर्डला कलोनिअल व्हाइट, स्टारमिस्ट ब्लू, फ्लेम रेड, इंका गोल्ड, रेव्हन ब्लॅक असे रंग होते. नाव हाती लागलं की त्या नावाने रंगाचा नमुना सापडतो. अमेरिकेत, विशेषतः मिशिगनकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना डिअरबॉर्नचं हेन्री फोर्ड संग्रहालय आणि हिकरी कॉर्नर्सचं गिलमोर मोटार संग्रहालय जवळ आहे. जाल तेव्हा गाडीच्या समोरून फोटो काढून थांबू नका. टेलगेटच्या बिजागऱ्या, खिडक्यांची रबरं आणि काचेतून दिसणारं छताचं अस्तर टिपा. हे फोटो इंटरनेटवर सहसा मिळत नाहीत.

मापाची एक सोपी युक्ती

१:२५ मध्ये खऱ्या गाडीवरचा १ इंच म्हणजे १.०१६ मिलिमीटर. लहान मापांसाठी इंचाचा आकडा तसाच मिलिमीटरमध्ये घ्या. सहा इंच उंच, बारा इंच रुंद नंबरप्लेट ६ बाय १२ मिमी. चोवीस इंची सूटकेस २४ मिमी. मोठ्या मापांना मात्र दीड टक्क्याचा फरक धरायचा: गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ११६ इंच, म्हणजे मॉडेलवर सुमारे ११८ मिमी, पूर्ण लांबी २०३.५ इंच, म्हणजे जवळपास २०७ मिमी. किट हातात आल्यावर ही दोन मापं आधी व्हर्नियरने तपासा. दुसऱ्या किटमधली चाकं, सीट किंवा सामान घेणार असाल तर प्रमाण पाहून घ्या. १:२४ चा टायर १:२५ च्या कमानीत चार टक्के मोठा पडतो आणि ते डोळ्याला दिसतं.

लागणारं सामान

धारदार निपर, ११ नंबरची पाती (एका गाडीला तीन-चार तरी), ४०० ते २००० चे वॉटर पेपर, त्यापुढची पॉलिशची पॅडं, पातळ सॉल्व्हंट सिमेंट, फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद, पाच मिनिटांचं इपॉक्सी, काचेसाठी पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद, ६ आणि १० मिमी मास्किंग टेप, बेअर मेटल फॉइलची (चिकट पाठीच्या अतिपातळ चकचकीत पत्र्याची) एक शीट, ०.२५ बाय ०.५ मिमीच्या स्टायरीन प्लॅस्टिकच्या पट्ट्या, ०.३ मिमीची तार, ०.५ मिमीची पितळी तार.

रंगांच्या बाबतीत एक इशारा. मॉडेलचे स्प्रे कॅन विमानाने येत नाहीत, म्हणून आपल्याकडे बरेच जण गॅरेजच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग वापरतात. रंग चांगला असतो, पण एनसी थिनर थेट पॉलिस्टायरीनवर (किटच्या प्लॅस्टिकवर) गेला की पृष्ठभाग खातो. बारीक भेगांचं जाळं उमटतं आणि ते पुट्टीनेही नीट भरत नाही. त्यामुळे खाली मॉडेलच्याच प्रायमरचे दोन पूर्ण थर हवेत, आणि गॅरेजच्या रंगाचे पहिले दोन हात अगदी कोरडे, भुरभुर मारलेले. दोन घटकांचा टूके क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मारणार असाल तर त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. साध्या कापडी मास्कने ते अडत नाही. योग्य कार्ट्रिजचा रेस्पिरेटर आणि उघडी हवा नसेल तर तो वापरूच नये.

बॉडी

भाग स्प्रूवर (ते जोडलेल्या प्लॅस्टिकच्या दांड्यांवर) असतानाच कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल राहिलं तर रंग माशाच्या डोळ्यासारखा फाटतो.

वॅगनची बॉडी लांब आणि मागून उघडी असते, त्यामुळे डब्यात दबून ती किंचित पिळवटलेली येते. काचेच्या तुकड्यावर ठेवून चारही चाकांच्या कमानी सारख्या उंचीवर आहेत का पाहा. फरक असेल तर ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिनिटभर बुडवा, हळूच उलट दिशेने पीळ द्या आणि तसंच धरून गार पाण्यात न्या. उकळत्या पाण्यात घालू नका, छत कायमचं लाटेसारखं होतं.

मागचे खांब हा वॅगनचा सर्वांत नाजूक भाग. घासताना बॉडी मुठीत दाबली की खांब छताशी जिथे मिळतो तिथे तडकतो. म्हणून पहिल्याच दिवशी स्प्रूचा एक सरळ तुकडा मागच्या उघड्या भागात आडवा बसवून पांढऱ्या गोंदाने टेकवा. रंग, क्लिअर आणि पॉलिश होईपर्यंत तो राहू द्यायचा, इंटिरिअर बसवताना काढायचा.

आता साच्याच्या रेघा. त्या फेंडरच्या माथ्यावरून आणि छताच्या कडेने, पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीच्या अगदी शेजारून जातात. पात्याची पाठ टेकवून खरवडा, मग ६०० आणि १००० चा पेपर. पन्हळ घासली जाऊ नये म्हणून तिच्यावर टेपचा पातळ पट्टा लावा. छतासाठी पेपर बोटाने धरू नका. सपाट ठोकळ्याला गुंडाळून लांबीच्या दिशेने घासा, कारण एवढ्या मोठ्या सपाट पत्र्यावर बोटाचा खड्डा चकाकी आल्यावर लगेच कळतो. प्रायमरनंतर ट्यूबलाइट छतात पाहा. दिव्याचं प्रतिबिंब वाकडं दिसलं तर तिथे अजून काम आहे.

दरवाजे आणि बॉनेटच्या खाचा रंगाआधी खोल करा. पात्याच्या पाठीने दोन-तीन हलके फेरे पुरेत. रंगाचे पाच-सहा थर बसले की उथळ खाच भरून जाते, आणि नंतर खोदायला गेलं की रंगाचे टवके उडतात.

टेलगेटचा निर्णय इथेच घ्या. या फोर्डचं मागचं दार दोन भागांत आहे: वरची काचेची चौकट वर उचलली जाते आणि खालचा पत्रा आडवा पडतो. उघडं दाखवायचं असेल आणि टेलगेट बॉडीतच ओतलेलं असेल, तर खाचेतून पात्याची पाठ पंचवीस-तीस वेळा हलकी ओढून तो तुकडा सोडवा. जोर दिला तर पातं घसरून बंपरच्या वरच्या पत्र्यात जातं. बिजागरीसाठी ०.५ मिमी पितळी तार आणि ०.६ मिमीची भोकं. उघडलेल्या टेलगेटची आतली बाजू सामानाच्या फळीशी एका पातळीत आली पाहिजे. सामान सरकवता यावं म्हणून खरी गाडी तशीच बनवलेली असते. मॉडेलमध्ये इथे एक-दीड मिलिमीटरची पायरी राहते. ती फळीखाली स्टायरीनचा पत्रा देऊन भरून काढा, टेलगेट वाकवून नाही.

काच रंगाआधी बसवून पाहा

वॅगनची बाजूची काच सहसा एका लांब भागात येते आणि ती आतून बसते. रंग आणि फॉइलची जाडी वाढल्यावर ती घट्ट होते, जबरदस्तीने दाबली की खिडकीच्या कोपऱ्यातून आडवी चीर जाते. म्हणून प्रायमरच्या आधी काच बसवा, इंटिरिअरचा टब (फळी आणि बाजू असलेला आतला खोक्यासारखा भाग) आत सरकवा, खाली चासी लावा आणि सगळं टेपने बांधून पाहा. टब काचेला ढकलत असेल तर टबची वरची कड अर्धा मिलिमीटर घासा. काचेच्या कडा तिरक्या करा. हा तास वाचवायला गेलात तर शेवटच्या दिवशी पॉलिश केलेल्या बॉडीवर हेच काम करावं लागतं.

रंग

हलका राखाडी प्रायमर, दोन पातळ थर, मग १००० च्या ओल्या पेपरने एक हात. किट रंगीत प्लॅस्टिकचं असेल, विशेषतः लाल, तर प्रायमरवर चंदेरी रंगाचा एक थर द्या, नाहीतर लाली पांढऱ्यातून वर येते.

डेल रिओवर दोन रंग शोभतात. फिका रंग आधी, गडद नंतर. स्टारमिस्ट ब्लू आणि कलोनिअल व्हाइट करायचं तर आधी पांढरा. पांढऱ्याखाली लाल तर कधीच नको. टेपची कड नवीन पात्याने कापून घ्या, कारण रोलची कड धुळीने खरखरीत झालेली असते. ती नखाने दाबून बसवा आणि त्या कडेवर आधी पांढऱ्याचाच एक भुरभुर थर मारा. फट असलीच तर ती पांढऱ्याने भरते आणि निळा आत शिरत नाही. दोन रंगांची सीमा क्रोमच्या पट्टीखाली आणा. खऱ्या कारखान्यातही ती पट्टी हेच काम करायची.

कॅन ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवला की फवारा बारीक पडतो. अंतर २० ते २५ सेंटीमीटर. प्रत्येक फटका बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. आधी खांब, खिडक्यांच्या कडा, चाकांच्या कमानी, मग बाजू, शेवटी छत, लांबीच्या दिशेने, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा येईल असा. दोन भुरभुर थर, मग दोन ओले, मधे दहा-पंधरा मिनिटं.

मुंबई, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर लॅकर मारणं टाळलेलं बरं. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि रंग दुधाळ पडतो. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. दुधाळपणा आलाच तर रंग पूर्ण सुकल्यावर कोरड्या दिवशी रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव) घातलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा द्या. बहुतेक वेळा तो निघून जातो.

क्लिअरचे दोन हलके आणि एक ओला थर. किमान आठवडाभर झाकून ठेवा. नाकाजवळ धरल्यावर थिनरचा वास येत असेल तर अजून सुकलेलं नाही. नंतर २००० चा ओला पेपर, पुढची पॅडं, शेवटी कंपाउंड. फेंडरच्या धारा आणि दरवाज्यांच्या कडा पॉलिशच्या वेळी टेपने झाका. उंचवट्यावर थर पातळ असतो, तिथून प्रायमर लगेच डोकावतो.

क्रोम आणि नावाची अक्षरं

किटचं क्रोम जाड आणि आरशासारखं असतं. बंपरला ते चालतं. जाळीला मात्र पातळ काळ्या वॉशची (खाचांत उतरणाऱ्या पातळ रंगाची) गरज असते. क्रोम खराब असेल किंवा त्यातून साच्याची रेघ जात असेल तर घरातल्या ब्लीचमध्ये रात्रभर बुडवा, चंदेरी थर निघून जातो.

बाजूच्या पट्ट्या आणि खिडक्यांच्या चौकटींना फॉइल. गरजेपेक्षा थोडी रुंद पट्टी कापा, बसवा, कापसाच्या काडीने आणि मग टूथपिकने घोटा, पट्टीच्या दोन्ही कडांना नवीन पातं फिरवा. पातं बोथट असेल तर फॉइल फाटतं आणि दोष फॉइलला दिला जातो. लांब पट्टी एका तुकड्यात लावू नका, दरवाज्याच्या खाचेवर जोड द्या. खऱ्या गाडीतही पट्टी तिथे तुटते.

नावाची बारीक अक्षरं ब्रशने रंगवून कधीच स्वच्छ येत नाहीत. प्रायमर झाल्यावर, रंगाच्या आधी, अक्षरांवर फॉइलचा छोटा तुकडा घोटून बसवा. त्यावर नेहमीसारखा रंग मारा. रंग सुकल्यावर, क्लिअरच्या आधी, घट्ट गुंडाळलेल्या कापडाला थिनरचा नुसता ओलावा देऊन अक्षरांच्या माथ्यावरून अलगद फिरवा. माथ्यावरचा रंग निघतो, खालचं फॉइल चमकतं, खोलगट भागात रंग राहतो.

लाकूड

१९४८ च्या फोर्ड वूडीसाठी खरं लाकूड दाखवायचं आहे. फोर्डची लाकडी बॉडी मिशिगनच्या आयर्न माउंटन इथल्या कारखान्यात, कंपनीच्याच जंगलातल्या लाकडावर तयार होत असे. चौकट फिक्या मेपल किंवा बर्चची, आतले फलक सहसा गडद महोगनीचे. रंगवताना हीच दोन टोकं वेगळी ठेवा.

चौकटीला फिका पिवळसर बदामी, फलकांना लालसर तपकिरी असा सपाट थर द्या. तो अॅक्रिलिक किंवा लॅकरचा असावा आणि पूर्ण सुकलेला असावा. वर चित्रकाराचे तैलरंग. कॅम्लिनचे बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर आणि रॉ सिएना इथे उत्तम चालतात. जाड पुठ्ठ्यावर थोडा रंग अर्धा तास ठेवा म्हणजे जादा तेल शोषलं जातं. मग ताठ केसांचा जुना चपटा ब्रश, त्यावर अगदी कणभर रंग, आणि एका दमात लाकडाच्या लांबीच्या दिशेने ओढ. आडव्या पट्टीवर आडवे तंतू, उभ्या खांबावर उभे. दोन तुकडे जिथे मिळतात तिथे टेप लावून एक बाजू आधी, दुसरी दोन दिवसांनी. तंतूंची दिशा सांध्यावर बदललेली दिसली की लाकूड खरं वाटतं. शेवटी ०.१ मिमीच्या टोकाच्या तपकिरी पेनने सांध्याची रेघ.

तंतू बारीक ठेवा. खऱ्या मेपलचे तंतू पंचवीस पट लहान केले तर जवळपास दिसेनासे होतात. ठळक रेघा मारल्या की गाडी खेळण्यातली दिसते. तैलरंग सुकायला चार-पाच दिवस द्या, आणि मगच क्लिअरचा हलका थर. अर्धवट सुकलेल्या तैलरंगावर लॅकर गेलं तर सुरकुत्या पडतात.

पुढच्या काळातल्या स्क्वायरवरची फिल्म वेगळी. तिथे छापील डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र) सरस ठरतं, कारण मूळ वस्तूही छापीलच होती. डेकलची शाई पारदर्शक असते, म्हणून खालचा फलक आधी फिका बदामी रंगवा. निळ्या रंगावर लावलेलं डेकल काळपट दिसतं. पृष्ठभाग चकचकीत हवा, खरखरीत असेल तर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. दरवाज्याच्या खाचेवर सॉफ्टनर (डेकल मऊ करणारं द्रव) लावून डेकल बसलं की पात्याने खाच मोकळी करा आणि पुन्हा एकदा सॉफ्टनर. भोवतीची फिकी चौकट सर्वांत शेवटी.

छताची आतली बाजू आणि सामानाची जागा

बहुतेक मॉडेल इथे उघडी पडतात. छत उलटं करून पाहा: साच्याच्या पिनांचे गोल खड्डे, कधी कंपनीचं नावही. खड्डे पुट्टीने भरा, घासा. मग बाहेरच्या रंगाचा उडालेला फवारा पूर्ण झाका, कारण अस्तराच्या कडेला दिसणारी निळी झाक सगळं घालवते. जुन्या गाड्यांमध्ये अस्तर आडव्या तारांवर ताणलेलं असायचं. मेणबत्तीवर ताणलेल्या स्प्रूचे ०.३ मिमी जाडीचे धागे फोटोतल्या अंतराने आडवे चिकटवा, वर टिश्यू पेपरचा एकच पदर पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाने बसवा. सुकताना पेपर आक्रसतो आणि धाग्यांवर ताणलेल्या कापडासारखा दिसतो. त्यावर फिका, पूर्ण मॅट रंग.

सीटवर दोन प्रकारची चमक हवी. रेक्झिनचा भाग अर्धचकाकीचा, कापडाचा भाग मॅट. एकाच रंगावर दोन वेगळे क्लिअर मारले तरी फरक पडतो.

मागची सीट दुमडून दाखवली तर सामानाची जागा लांब होते आणि गाडी वॅगन म्हणून डोळ्यांत भरते. मात्र किटची सीट उभीच ओतलेली असते. पाठ कापून आडवी करा, तिच्या मागची बाजू फळीशी सपाट मिळवा, उरलेली फट स्टायरीनने भरा. फळीवर सामान सरकण्यासाठीच्या पट्ट्या ०.२५ बाय ०.५ मिमी स्टायरीनच्या. अंतर फोटोवरून घ्या, पट्टीने रेघा मारून मगच चिकटवा, आणि वर फॉइल. मधल्या भागाला मळकट रबरी मॅट रंग. फळीवर थोड्या ओरखड्यांच्या रेघा चंदेरी पेन्सिलने, टेलगेटकडे जास्त, सीटकडे कमी.

इंजिन, चासी, उभं राहणं

बॉनेट बंद राहणार असेल तर इंजिन किटप्रमाणे लावून पुढे जा. उघडं राहणार असेल तर प्लगच्या तारा ०.३ मिमीच्या. फोर्डच्या या वाय-ब्लॉक व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना वीज वाटणारा भाग, इंजिनाच्या मागच्या टोकाला असतो. शेव्हीच्या छोट्या व्ही-८ चाही तिथेच. फोर्डचा फायरिंगचा (सिलिंडर पेटण्याचा) क्रम १-५-४-८-६-३-७-२. उजवीकडची सिलिंडरं, म्हणजे अमेरिकन गाडीत चालकाच्या शेजाऱ्याच्या बाजूची, पुढून मागे १ ते ४ आणि डावीकडची ५ ते ८.

उंची मात्र नीट ठरवा. मागे लीफ स्प्रिंग आहेत. रिकामी गाडी जवळपास समतल उभी राहते, भरलेली दोन-तीन इंच मागे बसते. छतावर सूटकेसा बांधून मागची उंची तशीच ठेवली तर सामान थर्माकोलचं वाटतं. स्प्रिंगचा उंचवटा घासून मागचा एक्सल दोन मिलिमीटर वर घ्या. टायरची तळाची बाजू जेमतेम अर्धा मिलिमीटर सपाट करा.

पांढऱ्या पट्टीचं माप वर्षाप्रमाणे बदलतं. १९५७ ला ती रुंद, खऱ्या टायरवर साधारण दोन ते अडीच इंच, म्हणजे मॉडेलवर २ ते २.५ मिमी. १९६२ पासून अरुंद पट्टी आली, ती १ मिमीच्या आत ठेवा.

जोडणी

काचेला आधी चकचकीत अॅक्रिलिक क्लिअरमध्ये बुडवून टिश्यूवर उभी करा आणि चोवीस तास डब्याखाली झाका. ओरखडे भरून निघतात. बसवताना फक्त पांढरा गोंद. फेव्हिक्विकच्या वाफा बंद जागेत काचेवर पांढरा थर बसवतात, आणि वॅगनच्या आतून तो पुसायला बोट पोचत नाही. त्याच कारणासाठी इंटिरिअरमध्ये फेव्हिक्विक वापरलं असेल तर एक रात्र उघडं ठेवूनच छताखाली न्या. खिडकीची रबरं काळ्या रंगाने, बाहेरून आणि आतूनही. पलीकडच्या खिडकीची आतली कड अलीकडच्या काचेतून दिसते.

मागचे दिवे रंगवताना खाली चंदेरी, वर क्लिअर रेडचे दोन थर.

वापराच्या खुणा

धूळ सगळीकडे सारखी मारू नका. वॅगनचा मागचा भाग सरळ कापलेला असतो; चालत्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धूळ-धूर तिथे ओढले जातात. म्हणून टेलगेट आणि मागची काच बाजूंपेक्षा नेहमी जास्त मळलेली. चॉक पावडर किंवा पिगमेंट मऊ ब्रशने, खालून वर विरळ होत जाणारं. टेलगेटच्या मुठीभोवती हात लागून स्वच्छ झालेला भाग ठेवा.

गंज प्रांताप्रमाणे. मिशिगन-ओहायोकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे पायपट्टी, चाकांच्या कमानी आणि टेलगेटची खालची कड आधी जाते. अॅरिझोनाच्या गाडीचा पत्रा शाबूत, पण छत आणि बॉनेटचा रंग उन्हाने विटलेला. तिथे चकाकी २००० च्या पेपरने किंचित मारा. दोन्ही खुणा एकाच गाडीवर नकोत.

नंबरप्लेटचाही काळ असतो. कॅलिफोर्नियात १९५६ पासून पिवळ्यावर काळी अक्षरं होती, १९६३ पासून काळ्यावर पिवळी. फोटोतला खरा नंबर मिळाला तर ६ बाय १२ मिमीवर छापा. मॉडेल ज्यांच्यासाठी आहे ते बहुधा पहिल्यांदा तिथेच वाकून बघतात.

ठेवताना

विनाइलचे टायर प्लॅस्टिकला खातात. त्यांच्यातला मऊपणा देणारा घटक पॉलिस्टायरीनमध्ये झिरपतो, काही महिन्यांत चाकाची कड वितळते किंवा अॅक्रिलिक पेटीच्या तळावर डाग पडतो. रिमच्या आतल्या कडेला फॉइलचा पट्टा आणि टायरखाली काचेचा पातळ तुकडा ठेवला की प्रश्न सुटतो. पेटी थेट उन्हात नको, पांढरा रंग आणि डेकल पिवळे पडतात.

चासीच्या खाली बारीक अक्षरांत लिहून ठेवा: वर्ष, मॉडेल, गाडी कुणाची, कुठल्या गावात होती, आणि वापरलेल्या रंगाची कंपनी व क्रमांक. पुढे कधी टवका उडाला तर तोच क्रमांक लागतो.